कामाला येईल!

आमच्या घरातून रिकामी बरणी बाहेर काढायची असेल तर ती रात्री, सामसूम झाल्यावर, कचऱ्याच्या पिशवीच्या तळाशी दडवून न्यावी लागते. दिवसाढवळ्या निघालेली बरणी नवरा दारातून परत फिरवतो. ‘‘अगं, टाकतेस काय? कामाला येईल!’’

टाकाऊतून टिकाऊचं वेड त्याला लागलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. पैसे वाचतील, कचरा कमी होईल, आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस कशात तरी गुंतून राहील. यातलं शेवटचं तेवढं तंतोतंत खरं झालं.

सगळ्यात मोठं प्रकरण लेबलांचं. बरणीचं लेबल नुसत्या डिंकाने चिकटवलेलं असेल तर रात्रभर भिजवल्यावर सकाळी ते आपणहून पाण्यावर तरंगतं. असली सज्जन लेबलं आमच्या वाट्याला फारशी येत नाहीत. बाकीच्यांचा गोंद पाण्याला दाद देत नाही. कागद सोलून निघतो आणि मागे तो राखाडी चिकटा उरतो, ज्याला घरातली सगळी धूळ येऊन बिलगते. मग नवऱ्याची नखं, मग जुनं बँकेचं कार्ड, मग तारेची घासणी. घासणीने चिकटा जागचा हलला नाही, काचेवर ओरखडे मात्र कायमचे उठले. शेवटी त्याला शोध लागला की खायचं तेल चोपडून थोडा वेळ ठेवलं की चिकटा मऊ पडतो आणि फडक्याने पुसून निघतो. उपाय अगदी खरा आहे. माझ्या तेलाच्या बाटलीने तळ गाठला, हीही गोष्ट खरीच. आता तेलकट बरणी धुवायला साबण आला, गरम पाणी आलं. त्याने आधणाचं पाणी थेट ओतलं. साध्या काचेला ते सोसत नाही; आतली बाजू झटकन प्रसरण पावते, बाहेरची तशीच गार राहते. टक्कन आवाज झाला आणि बरणीचा तळ सुटा झाला.

‘‘चला, एक तरी कमी झाली,’’ मी म्हटलं.

‘‘वरच्या भागाला खालून काही बसवता आलं तर...’’ तो म्हणाला.

ज्या बरण्या वाचतात, त्यांच्या झाकणांना आतून रबरासारखा मऊ थर असतो. तो आधीच्या मालाचा वास धरून बसतो, काही केल्या सोडत नाही. त्यामुळे आमच्याकडे कोणता डबा उघडला हे नाकाने ओळखायला गेलं तर हमखास फसायला होतं.

मध्यंतरी त्याने घरच्या घरी ‘सर्वगुणसंपन्न’ सफाई-द्रव बनवायला घेतला. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की काय फसफसतं! मुलगी टाळ्या पिटत होती. सासूबाई तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘दोन्ही आपापल्या जागी बरी होती की रे.’’ रसायनशास्त्र न शिकता बाई नेमकं बोलल्या. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवून टाकतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि बाटलीत जवळजवळ नुसतं पाणीच उरतं. सोड्याने भांडं घासावं, नळावरचे पांढरे क्षार व्हिनेगरने काढावेत, वेगवेगळे. आणि ब्लीचची बाटली मी तातडीने कुलपात टाकली, कारण ती व्हिनेगरला भेटली की विषारी क्लोरीन वायू निघतो आणि माझ्या नवऱ्याला सगळ्यांची भेट घालून द्यायची हौस आहे.

सासूबाईंबद्दल सांगायलाच हवं. त्या हे सगळं जन्मभर करत आल्यात, फक्त त्याला नाव द्यायचं त्यांना सुचलं नाही. चादर मधोमध विरली की ती उभी फाडतात, न झिजलेल्या कडा आत घेऊन शिवतात, आणि तीच चादर पुन्हा काही वर्षं चालते. त्यानंतर तिची फडकी होतात, तीही जुनी फडकी संपल्यावरच. मला विचाराल तर मेख इथेच आहे. त्यांच्यापाशी आधी काम असतं, मग त्या वस्तू शोधतात. नवऱ्यापाशी कपाटभर वस्तू आहेत आणि तो त्यांच्यासाठी कामं शोधत घरभर हिंडतो. त्याने जुन्या टी-शर्टांची फडकी केली तेव्हा सासूबाईंनी एक तुकडा चिमटीत धरून चोळला आणि खाली ठेवला. ‘‘सुती नाही हे.’’ खरोखरच ती पॉलिएस्टरची फडकी पाणी टिपत नाहीत. ओट्याच्या या टोकाचं त्या टोकाला नेऊन पोचवतात.

पिशव्यांचा विषय मुलीने निकालात काढला. दाराच्या खुंटीवर एका मोठ्या पिशवीत सगळ्या पिशव्या, त्यातल्या निम्म्या कापडी, फुकट मिळालेल्या, कोरी घडीही न मोडलेल्या. तिने कुठेतरी वाचलं होतं की इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला होता: हवामानबदलाच्या मापाने, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. तिने खुंटीकडे पाहिलं, बोटांवर हिशेब केला. ‘‘बाबा, एवढ्या पिशव्या वापरून संपवायच्या तर तुम्हाला पुढचा जन्मही बाजारातच काढावा लागेल.’’ नवरा विचारात पडला. मला वाटलं, आता काहीतरी कमी होणार. संध्याकाळी तो दोन पिशव्या घेऊन बाजारात गेला. एकीत सामान, दुसरी रिकामीच, वापराच्या मोजणीत भर म्हणून.

सध्या जुन्या टूथब्रशांचा काळ चालू आहे. नळाची खाच, फरशांच्या फटी, कंगव्याचे दाते, सगळीकडे ते झकास काम करतात. याबाबतीत मी नवऱ्याच्या बाजूने आहे. फक्त तो ते वापरातल्या ब्रशांच्याच पेल्यात ठेवतो. परवा घाईत मी एक उचलला, पेस्ट लावली, तोंडाशी नेला, तेवढ्यात तो दारातून ओरडला, ‘‘अगं तो नको, तो मोरीचा!’’

त्याच दिवशी मोरीच्या ब्रशला लाल दोरा बांधायचं ठरलं. आता पेल्यात लाल दोऱ्याचा एक ब्रश आहे. दोरा आपण बांधला, असं नवरा म्हणतो. मुलगी म्हणते, स्वतःचा ब्रश चुकू नये म्हणून दोरा तिने बांधलाय.