मोत्यांची माळ आणि दर रविवारचा पेला

महिनाभरात तोच मजकूर मला चार जणांनी पाठवला: ‘लटकणारी सक्युलंट म्हणजे आळशी माणसाची झाडं. दर रविवारी पेलाभर पाणी, कुंडीच्या तळाला खडी, पानांवर फवारा, दिवसभर ऊन. मुंबईतही हमखास जगतात.’ सक्युलंट म्हणजे पानात-खोडात पाणी साठवणारी झाडं.

दर रविवारी पाणी? जुलैतला रविवार आणि जानेवारीतला रविवार एकच कसा? पावसाळ्यात दोरीवरचे टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथे कुंडीतली माती काय वाळणार! स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, म्हणजे मोत्यांसारख्या गोल पानांची माळ, मूळची दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली, झुडपांच्या आडोशाला जमिनीवर सरपटणारी. मुळं बारीक, उथळ. सततच्या ओलीत कुजतात. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही आणि मोती सुरकुततात. आपल्याला वाटतं तहानलीय, आणि आपण आणखी पेला ओततो. माझी पहिली माळ मी अशीच मायेनं मारली. मोती सुरकुतले की आधी मातीत बोट खुपसून बघा. आत ओल लागली तर पाणी नाही. धडधाकट फांद्या कापून कोरड्या मातीवर पसरा.

तळाची खडी तर उलटच काम करते. वरची माती पुरती भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरत नाही, त्यामुळे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. खडी किंवा जाड वाळू, विटांचा चुरा हे मातीतच मिसळायचं, निम्म्यानं. नर्सरीतून रोप बहुधा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गोळ्यात येतं. तो गोळा हलक्या हातानं सोडवा. कुंडी मातीची, उथळ.

फवारा नकोच. आधीच दमट हवेत पानांच्या बेचक्यात पाणी साचून बुरशी धरते.

उन्हाचं अर्धं खरं. सकाळचं चालतं, मे महिन्यातलं दुपारचं भाजतं. पण उजेड कुंडीच्या माथ्यावर पडायला हवा. छताला टेकवून टांगली की माळा खाली लोंबतात आणि वर टक्कल पडतं.

राहिलं ‘हमखास’. सगळ्यांना एका माळेत ओवण्यातच चूक आहे. स्ट्रिंग ऑफ हार्ट्स ही आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्याच कुळीतली. वेलीवर मण्यांसारखे कंद धरते आणि मोत्यांच्या माळेपेक्षा जरा सोशिक असते. रिपसॅलिस हे बिनकाट्याचं निवडुंग, पण वाढतं पावसाळी जंगलात, झाडांच्या फांद्यांवर. फिलिपिन्सची मिलियन हार्ट्सही तशीच झाडांवर वाढणारी. डोंबिवलीत माझी नारळाच्या सोडणाला बांधलेली मिलियन हार्ट्स तिसरा पावसाळा बघतेय. पाणी मात्र तिला उन्हाळ्यात एक दिवसाआड लागतं.