मालक का विकतोय?

हरण्याबद्दल आमची कधीच तक्रार नव्हती. न्यूयॉर्क जेट्सच्या चाहत्याला हरणं म्हणजे पावसाळ्यातलं गळकं छत. बादली कुठे ठेवायची ते पाठ असतं आणि टपटप ऐकत झोपही छान लागते. हाल सुरू होतात ते कुणी शिडी घेऊन दारात उभा राहून ‘यंदा छत दुरुस्त करून देतो’ म्हणाला की. आमच्याकडे असा माणूस २४ एप्रिल २०२३ ला आला. वय एकोणचाळीस, नाव ॲरन रॉजर्स, आधीचा मुक्काम अठरा वर्षं ग्रीन बे पॅकर्स या संघात.

हा फुटबॉल अमेरिकेतला, म्हणजे हातानं खेळायचा. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डावांत, दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा. तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू खरा हलतो तो जेमतेम अकरा-बारा मिनिटं. बाकीचा वेळ बैठका, जाहिराती आणि पंचांचं मनन. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे ज्यानं तीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेही शंभर-सव्वाशे किलोचे चार-पाच जण अंगावर धावून येत असताना, तो क्वार्टरबॅक. तो चांगला असेल तर संघाला बाकी फारसं काही लागत नाही. आमच्याकडे बाकी बरंच काही असायचं.

मी न्यू जर्सीत एडिसनला आलो २००८ साली. शेजारच्या म्हाताऱ्यानं पहिल्याच आठवड्यात हिरवी टोपी डोक्यावर ठेवली आणि दीक्षा दिली. आमचा संघ नावानं न्यूयॉर्कचा, पण खेळतो न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला, आणि मैदानही जायंट्स या दुसऱ्या संघासोबत वाटून घेतलेलं. नाव मुंबईचं, घर डोंबिवलीला, तेही भागीदारीत. मला लगेच आपलेपणा वाटला. शेजाऱ्यानं लहानपणी जेट्सना सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकताना पाहिलं होतं. १२ जानेवारी १९६९, बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्ध १६-७. जो नेमथ नावाच्या पोरसवदा क्वार्टरबॅकनं सामन्याआधी ‘आम्ही जिंकणार, हमी देतो’ असं छातीठोक सांगितलं आणि खरं करून दाखवलं. त्यानंतर सहा महिन्यांनी माणूस चंद्रावर पोचला. मग तो पुन्हा पुन्हा जाऊन आला, जायचं बंदही झालं, पण जेट्स काही सुपर बोलला परत गेले नाहीत.

रॉजर्सच्या बातमीनंतर आठ-दहा दिवसांनी सातार्‍याहून माझे सासरे आले, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. नाना एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. इंजिन चालू असताना बॉनेटवर तळहात ठेवून दुखणं सांगणारा माणूस. शेजाऱ्याशी त्यांची ओळख करून दिली तेव्हा तो जरा गोंधळला, कारण इथे आजीला नाना म्हणतात, आणि ही आजी तर झुपकेदार मिशांची. पण दोघांचं जमलं. एकाला इंग्रजी अर्धं येत होतं आणि दुसऱ्याला मराठी अजिबात येत नव्हतं, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती.

“जावईबापू, क्वार्टरबॅक म्हणजे काय, रिकामी क्वार्टर दुकानात परत करतात ती?” इथपासून सुरुवात झाली. मी रॉजर्सचा सगळा इतिहास सांगितला. एक सुपर बोल, तोही त्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरून. चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्यातली शेवटची दोन वर्षं अगदी ताजी, २०२० आणि २०२१. नानांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि जुनी गाडी बघायला गेल्यावर विचारतात तो पहिला प्रश्न विचारला.

“मालक का विकतोय?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, पण ते नानांना सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या हंगामात अंगठा मोडलेला, संघ आठ जिंकून नऊ हरलेला, आणि त्याच्या जागेसाठी तरुण मुलगा तीन वर्षं बाकावर बसून वाट बघतोय. वर हे महाशय निर्णय घेण्यासाठी फेब्रुवारीत ओरेगनला जाऊन चार दिवस काळ्याकुट्ट अंधाराच्या खोलीत बसून आलेले. हे मी जरा घाबरतच सांगितलं.

“पैसे देऊन?”

“हो.”

“आमच्याकडे लोडशेडिंग फुकट होतं,” नाना म्हणाले. “तरी कुणाला काही सुचलं नाही.”

खरी गोम वेगळीच होती. हे दुकान आमच्या ओळखीचं होतं. २००८ साली, मी आलो त्याच वर्षी, जेट्सनी ह्याच ग्रीन बेकडून असाच अडतिशीतला दिग्गज आणला होता, ब्रेट फार्व्ह. आणि त्याच्या जागी तिथे कोण उभा राहिला, तर हाच रॉजर्स, तेव्हा तीन वर्षं बाकावर बसलेला. फार्व्हनं आठ जिंकून तीन हरले अशी झकास सुरुवात केली. मला वाटलं, अमेरिका सोपी आहे. मग त्याचा दंड दुखायला लागला, शेवटच्या पाचांतले चार गेले, आणि वर्षभरात बावीस चेंडू त्यानं समोरच्या संघाच्या हातात नेमके नेऊन दिले. पुढच्या वर्षी तो मिनेसोटाला गेला आणि तिथे मात्र असा खेळला की बघत राहावं. आता पंधरा वर्षांनी त्याच दुकानातून त्याच वयाची दुसरी गाडी. ‘या वेळी नक्की चांगली देतील’ असं म्हणत आम्ही पुन्हा गल्ल्यापाशी उभे.

दिवसभर मी संशयवादी असायचो. ऑफिसात कुणी टॉम ब्रेडी या दुसऱ्या वयस्क क्वार्टरबॅकचं नाव काढलं, की त्रेचाळिसाव्या वर्षी टॅम्पाला गेला आणि पहिल्याच हंगामात जिंकला, तर मी लगेच रसेल विल्सन पुढे करायचो. डेन्व्हरनं त्याच्यासाठी घरदार विकलं आणि पदरात काय पडलं? कुणी असाच संघ बदलून जिंकलेला पेटन मॅनिंग म्हटलं की मी फार्व्ह म्हणायचो. माझ्या संयमाचं कौतुक होत होतं. पण रात्री दोन वाजता मी हळूच उठून स्वयंपाकघरात वेळापत्रक उघडायचो आणि सतरा सामन्यांपुढे पेन्सिलीनं खुणा करायचो. इथे जिंकू. इथेही. इथे थंडी असेल, पण त्याला थंडीची सवय आहे. एकदा चौदा-तीन आले तेव्हा मलाच लाज वाटली, म्हणून दोन सामने मुद्दाम हरलो आणि झोपायला गेलो. सकाळी फ्रिजवर बायकोची चिठ्ठी होती: “बारा-पाच झालं असेल तर बाथरूमचा नळ बघ.”

जर्सीही घेतली. आठ नंबरची, कारण त्याचा नेहमीचा बारा नंबर आमच्याकडे नेमथच्या नावे कायमचा बंद. किंमत शंभर डॉलरच्या वर, आणि ती घरात आणली ती किराण्याच्या पिशवीत कोथिंबिरीखाली. पत्रकार परिषदेत तो म्हणाला होता की आतल्या त्या एकुलत्या एका ट्रॉफीला एकटं वाटत असावं. चांगला माणूस वाटला. दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा येऊन देव्हाऱ्याची चौकशी करणारा.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. सासरे इथेच, त्यामुळे जावयाला वाण मिळालं, तेहतीस अनारसे. ते नारायणासाठी असतात हे मान्य, पण मी मनातल्या मनात सतरा जेट्सच्या नावे बाजूला काढले. उरलेल्यांतले बरेचसे शेजाऱ्यानं खाल्ले. ऑगस्टच्या अखेरीस सरावाच्या सामन्यात रॉजर्स थोडा वेळ खेळला आणि त्यानं एक सुंदर टचडाऊन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा चेंडू, फेकला. नाना टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

“ट्रायल बरी आहे. पण रिकाम्या गाडीची ट्रायल घेऊ नये. साठ माणसं भरून खंबाटकी चढवा, मग बोलू.”

एवढ्यात शेजाऱ्यानं त्यांना आमची आरोळी शिकवली होती, एकेक अक्षर ओरडायचं: जे! ई! टी! एस! नानांनी दोनदा म्हणून बघितलं आणि थबकले. “जावईबापू, ह्याच्या शेवटी एसटी आहे, पण उलटी.” जरा विचार करून म्हणाले, “रिव्हर्स गिअर.”

आणि मग ती रात्र, सोमवार, ११ सप्टेंबर २०२३, सव्वाआठचा सामना, समोर बफेलो बिल्स. हा चौथा आणि शेवटचा श्रावणी सोमवार हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या बायकोशिवाय. शंकराला जवसाची शिवामूठ वाहून झाली होती, उपास सुटला होता, आणि या घरात आज कोंबडीचे पंख येणार नाहीत असं जाहीर झालं होतं. अमेरिकेत फुटबॉल पंखांशिवाय बघणं म्हणजे लग्न अक्षतांशिवाय लावणं. शेजाऱ्यानं पहिली अळूवडी संशयानं उचलली आणि पुढच्या सहा विश्वासानं.

तारीखच अशी की मैदान आधीच गलबललेलं. रॉजर्स हातात अमेरिकेचा भला मोठा झेंडा घेऊन बोगद्यातून धावत आला आणि ऐंशी हजार माणसांचा जो आवाज झाला तो मला खिडकीतून ऐकू आला अशी माझी आजही समजूत आहे. शेजारी रडत होता. मीही. माझ्या डोक्यातला दिवसाचा संशयवादी केव्हाच उठून निघून गेला होता. जाताना पेन्सिल घेऊन गेला. नाना मात्र मैदानाकडे बघत होते. “खाली गवत खोटं आहे का हो?” मी म्हटलं, हो, कृत्रिम. ते नुसतं “हं” म्हणाले.

पहिला डाव. दुसरा. तिसरा. चौथ्याला बिल्सचा लिओनार्ड फ्लॉइड आत घुसला आणि त्यानं रॉजर्सला खाली ओढलं. असं दर रविवारी शंभर वेळा होतं. रॉजर्स उठला, उभा राहिला. आणि मग सावकाश, एखाद्याला फलाटावर बसल्यावर गाडी गेल्याचं कळतं तसा, परत खाली बसला.

खोलीत कुणी काही बोललं नाही. पडद्यावर तेच दृश्य संथ गतीनं आलं. पाय रोवला, टाच टेकली, पोटरी थरथरली.

“पाटा तुटला,” नाना म्हणाले.

मी म्हटलं नाना, मुरगळला असेल, लगेच काय. “मुरगळला तर माणूस लंगडतो, चिडतो. हा बघा कसा गप्प बसलाय. मागचा पाटा गेला की ड्रायव्हरला आधी कळतं, आवाज नंतर येतो.” दुसऱ्या दिवशी एमआरआय झालं आणि डॉक्टरांनी तेच सांगितलं, जरा महागात: टाचेमागची ॲकिलीसची शीर तुटली, हंगाम संपला. एप्रिलपासूनची आमची सगळी आशा चार डाव टिकली. शेजाऱ्याच्या हातातली अळूवडी अर्धी होती. ती त्यानं ताटलीत इतक्या हळुवारपणे ठेवली की जणू तिलाही लागलं होतं.

गंमत म्हणजे तो सामना आम्ही जिंकलो. राखीव मुलाला हाताशी धरून, बिल्सनी चेंडू उदारपणे वाटल्यामुळे, आणि जादा वेळेत एका नवख्या पोरानं किकचा चेंडू पकडून थेट पळत नेल्यामुळे. २२-१६. मी आयुष्यात इतक्या दुःखानं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. नानांना एकच गोष्ट समाधानाची वाटली. रॉजर्स त्या हंगामात पासष्ट टक्के डाव खेळला असता तर त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडायची आमची पहिल्या फेरीतली संधी ग्रीन बेला द्यायची होती. तो चारच खेळला म्हणून दुसऱ्या फेरीवर भागलं. “म्हणजे हप्ता कमी झाला,” नाना म्हणाले आणि ताट उचलून गेले. हंगाम सात-दहा संपला. नोव्हेंबरात नाना परतले तेव्हा जर्सी मी त्यांच्या बॅगेत भरली. घरात ठेवणं बरं वाटत नव्हतं.

तो परत आला, २०२४ मध्ये, चाळिशी ओलांडून, आणि सतराही सामने खेळला. पाच जिंकले, बारा हरले. पाच सामन्यांनंतर प्रशिक्षकाला घरी पाठवलं, मग मॅनेजरला. त्या वर्षाबद्दल इतकंच पुरे. घरात पोरं आहेत. त्यानंतर आम्ही त्याला सोडलं आणि तो पिट्सबर्गला गेला.

आणि मग वेळापत्रक लिहिणाऱ्याला सुचलं ते सुचलं. ७ सप्टेंबर २०२५, हंगामाचा पहिलाच सामना, आमच्याच मैदानावर पिट्सबर्ग स्टीलर्स. इथे दुपारचा एक, सातार्‍यात रात्रीचे साडेदहा. नाना फोनवर व्हिडिओ लावून बसले होते, कारण तसंही कुणी झोपणार नव्हतं. खग्रास चंद्रग्रहण होतं आणि सासूबाईंनी घरातल्या पाण्यावरही तुळशीपत्र ठेवलं होतं. नानांच्या अंगात आठ नंबरची हिरवी जर्सी. रोज सकाळी तीच घालून फिरायला जातात म्हणे. कुणी विचारलं तर जावयाच्या कंपनीचा टी-शर्ट म्हणून सांगतात.

एक्केचाळीस वर्षांच्या त्या माणसानं त्या दुपारी आमच्याविरुद्ध चार टचडाऊन फेकले. तेच खोटं गवत, तोच पाय. शेवटी शेवटी आम्ही एका गुणानं पुढे होतो, म्हणून मी बादली जागेवरून हलवली होती. जेमतेम मिनिटभर उरलं असताना साठ यार्डांवरून त्यांची किक गेली. ३४-३२.

मी फोनकडे बघितलं. पडद्यावर नाना नव्हते, नुसती रिकामी खुर्ची. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, मोक्ष व्हायचाय अजून, आत या आधी. थोड्या वेळानं मिशा दिसल्या.

“बघितलं का नाना?”

“बघितलं. गाडी चांगलीच होती की हो,” ते म्हणाले. “आम्ही उगाच मालकाला विचारत बसलो. डेपोला विचारायला पाहिजे होतं.”

शेजारी सोफ्यावर डोळे मिटून बसला होता. नाना काय म्हणाले, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, ग्रहण सुटायला अजून थोडा वेळ आहे.