ठिपका पुन्हा खाडीत

उलव्यात आमच्या इमारतीखाली मुक्कामाला येणाऱ्या एका टेम्पोत, सिगारेट लायटरच्या खाचेत, बोटाएवढ्या अँटेनाची एक डबी, म्हणजे जीपीएसचा संदेश दाबून टाकणारा जॅमर, खोचलेली असते. ती चालू असली की माझ्या मोबाइलवरचा निळा ठिपका थेट खाडीत जाऊन बसतो आणि गल्लीच्या तोंडाशी आलेला रिक्षावाला "साहेब, नक्की कुठे आहात?" म्हणून फोन करतो, या आठवड्यात हे तिसऱ्यांदा झाले. चालकाला विचारले, तर म्हणाला, "काका, शेठ दिवसभर गाडी कुठंय ते बघत बसतो, म्हणून लावलंय." शेठची पाळत जाचक असेलही, त्याबद्दल माझी तक्रार नाही, परंतु सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारा जीपीएसचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की त्याच्याच १५७५.४२ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर डबीने सोडलेली खरखर त्याला सहज गिळते, आणि शेठचे यंत्र कोणते व विमानाचे कोणते हे त्या डबीला कळत नाही. अमेरिकेतील न्यूअर्क विमानतळावरच्या उपग्रहाधारित लँडिंग यंत्रणेला शेजारच्या महामार्गावरील अशाच गाड्यांनी छळले आणि २०१३ मध्ये एका चालकाला जवळपास ३२ हजार डॉलरच्या दंडाची नोटीस मिळाली. जॅमर बाळगणे आपल्याकडेही बेकायदाच, आणि आमच्या उशाशी तर आता नवी मुंबईचा आख्खा विमानतळ! काल पुन्हा समजावले, तेव्हा त्याने निमूटपणे डबी काढून खिशात घातली. मी दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ठिपका पुन्हा खाडीत.