तुंबाडमधली म्हातारी हिंदीत का बोलते?

२०१८ च्या ऑक्टोबरात तुंबाड लागला तेव्हा बेळगावात मी तो सात-आठ माणसांत बघितला होता, त्यातले दोघे तर इंटरव्हललाच उठले, भूत कुठाय म्हणून. तोच पिक्चर सप्टेंबर २०२४ ला परत आला, ऐन गणपतीत, बाहेर ढोल-ताशा आणि आत खुर्ची मिळेना. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी जास्त कमावलं त्यानं. पिक्चर तोच की, बदललो आपण. पहिल्यांदा सगळे भुताचा पिक्चर समजून गेलेले आणि हा भुताचा नाहीच मुळात. ही काळी परीकथा आहे, आजीनं अंथरुणात सांगावी तसली, फक्त आजीनं मधला रक्ताचा भाग न गाळता सांगितलेली.

परीकथेत कसे नियम असतात, तसे इथं आहेत. वाड्याखाली अडकलेला शापित देव हस्तर भुकेला आहे, त्याला सोनं मिळालं पण धान्य कधीच नाही. म्हणून कणकेची बाहुली दाखवायची, तो तिच्यावर तुटून पडला की लंगोटीतलं नाणं काढायचं आणि पिठाच्या रिंगणाबाहेर पाय टाकायचा नाही. बास, एवढंच. पुराणात हस्तर-बिस्तर कोणी नाही, पिक्चरवाल्यांनी रचलेला आहे, तरी बघताना वाटतं हे आपण लहानपणी कुठंतरी ऐकलंय. आमच्या घरी आई पुरणपोळीची कणीक मळताना एक गोळा आम्हाला द्यायची, आम्ही त्याची चिमणी करायचो, बाहुली करायचो, दुपारपर्यंत ती वाळून तडकायची. थिएटरात पिक्चरचा नायक विनायक ती बाहुली पिशवीतून काढतो तेव्हा माझ्या हाताला ती कणीक लागली, खरं सांगतो. वाड्यातल्या अंधारापेक्षा तेच जास्त अंगावर आलं.

(पुढं शेवट सांगालोय, बघितला नसेल त्यांनी हा पॅरा सोडा.) गोष्ट तीन तुकड्यांत आहे, १९१८, १९३३, १९४७. प्रत्येक तुकड्यात हाव एकेका पिढीनं पुढं सरकते. पहिल्यात पोरगं, म्हणजे विनायक, नाण्यासाठी तडफडतं, दुसऱ्यात ते बाप होऊन नाणी आणतं, तिसऱ्यात त्याचं पोरगं बापापेक्षा हुशार निघतं, एकेक नाणं कशाला, आख्खी लंगोटीच आणूया की म्हणतं. देश स्वतंत्र झालाय आणि ह्यांचं डोकं लंगोटीत. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे पहिल्या भागातली ती शापित म्हातारी आणि शेवटच्या भागातला मुलगा पांडुरंग, दोन्ही कामं मोहम्मद समद ह्या एकाच पोरानं केलीत, मेकअपखाली कळत पण नाही. जिची भूक मरत नाही ती आणि जो शेवटी लंगोटी नको म्हणतो तो, दोघांचं अंग एकच. हे कळल्यावर मी पिक्चर तिसऱ्यांदा बघितला.

बायकांचं मात्र अर्धवट वाटलं. पहिल्या भागातली आई, केशवपन केलेली विधवा, सरकार म्हणवणाऱ्या म्हाताऱ्या जमीनदाराच्या वाड्यावर जाते, एका नाण्याच्या आशेवर, आणि कॅमेरा तिला ना पापी म्हणतो ना बिचारी. पुढं विनायकची बायको आहे, अनिता दातेनं केलेली, ती घराबाहेरचं सगळं ओळखून असते, पण तिला काय वाटतं हे विचारायला कोणी थांबतच नाही. नाण्याची गोष्ट बापाकडून पोराकडं जाते, मधली बाई फक्त दार उघडते आणि बंद करते. त्या काळात तसंच होतं म्हणाल, मान्य, पण पहिल्या भागात जमलं होतं की.

आता खरं दुखणं. कोकणातलं गाव, मराठी ब्राह्मणाचं घर, पुढं पुणं, नाव पेंडशांच्या तुंबाडचे खोत कादंबरीवरून, बी नारायण धारपांच्या एका कथेचं, दिग्दर्शक राही बर्वे. सगळं आपलं आणि भाषा हिंदी! आम्ही बेळगावची माणसं, दुकानाच्या पाटीवर मराठी आणि कन्नड अक्षर कुठलं वर कुठलं खाली यावरून पिढ्या भांडत आलो आणि हे मला पहिल्या दोन वेळेला लक्षात पण आलं नाही, लाजच वाटली. २०२२ ला कांतारा हा कन्नड पिक्चर आला तेव्हा इथल्या कन्नड पोरांची छाती फुगलेली बघितलेली मी, आपला देव आपल्या बोलीत. (किनारपट्टीवरचा तुळू बोलणारा माणूस म्हणेल, देव आमचा आणि बोलवलं कन्नडात. म्हणजे प्रत्येकाचं कोणीतरी असतंच.)

पण उलटं पण आहे. परत लागला तेव्हा थिएटरात सोबत ऑफिसातला कन्नड मित्र होता. म्हातारीला झोपवायला हस्तरचं नाव घेतात तिथं तो मला कोपरानं ढोसून म्हणाला, नम्म अज्जीनू हिंगं हेळतिद्दळु, म्हणजे आमची आजी पण असंच सांगायची. त्याच्या आजीचा गुम्म, माझ्या आजीचा बागुलबुवा. पिक्चर मराठीत असता तर तो आला असता काय? नसता आला. मग चांगलं झालं की वाईट, मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी गावाकडं गेलो, खानापूर तालुक्यात, पाऊस तुंबाडसारखाच, चार दिवस थांबलेला नाही. आईला मोबाईलवर लावून दिला. भ्यायली वगैरे नाही. ती डोक्यावर पदर घेतलेली बाई बघून म्हणाली, आमच्या मोठ्या आत्तीचं असंच. मग थोड्या वेळानं, "ही आपली माणसं न्हवं? मग हिंदीत कशाला बोलालीत रे?"

मी आपलं मार्केट-बिर्केट काहीतरी सांगितलं. ती हूं म्हणाली.

रात्री लाईट गेली, भाच्याला झोप येईना. आई त्याला तीच गोष्ट सांगत होती, वाडा आणून टाकला जांबोटीच्या रानात, पावसात इरलं पांघरून पोरगं निघालंय आणि हस्तरला बाहुली नाचणीच्या पिठाची, गहू आमच्याकडं सणापुरताच. भाचा म्हणाला, नाचणीची बाहुली टिकत नाही आजी, फुटते. आई म्हणाली, फुटू दे, तवर पळायचं.