ताळा काही जुळेना

डिसेंबर लागला की लोकांना हुरडा आठवतो, लग्नाच्या पत्रिका येतात, कुणी कोकणात जायचे बेत आखतं. मला वार्षिक विवरणपत्र येतं. मी एका तालुक्याच्या न्यायालयात कनिष्ठ लिपिक आहे. आमच्या न्यायालयाने वर्षभरात किती प्रकरणं घेतली, किती संपवली आणि किती उरली, हा हिशेब आम्ही जिल्ह्याला द्यायचा आणि जिल्ह्याने उच्च न्यायालयाला. वर जाताना तो सह्याशिक्क्यांसह मोठ्या रुबाबात जातो. वरून ‘खुलासा करावा’ असा शेरा आला, की तो मात्र एकेक पायरी उतरत नेमका माझ्या टेबलावर येऊन बसतो, कारण माझ्याखाली कुणी नाही. शिपाईमामा आहेत, पण आपल्याला आकड्यांतलं काही कळत नाही, असं त्यांनी नोकरीला लागल्या लागल्याच जाहीर करून ठेवलंय. तेच मामा क्रिकेटमधली धावांची सरासरी तोंडी काढतात.

वरवर बघितलं तर हे तिसरीतल्या पोराचं गणित. मागील शिल्लक, अधिक नवीन दाखल, वजा निकाली, बरोबर अखेरची शिल्लक. पण तिसरीच्या पोराला दिवाणी वेगळं, फौजदारी वेगळं, त्यात दावे, किरकोळ अर्ज, दरखास्ती, धनादेश न वटल्याची प्रकरणं असे कप्पे करावे लागत नाहीत. मग प्रत्येकाची वयं लावायची. वर्षाच्या आतली, एक ते तीन, तीन ते पाच, पाच ते दहा आणि त्यापुढची, जी कपाटातून काढायच्या आधी मामा तोंडाला रुमाल बांधतात. ज्येष्ठ नागरिकांनी दाखल केलेली वेगळी, महिलांनी दाखल केलेली वेगळी. सत्तर वर्षांच्या आजींचा दावा आला की तो दोन्हीकडे धरायचा आणि एकूण बेरजेत मात्र एकदाच. या एका आजींनी गेल्या वर्षी मला रात्री नऊपर्यंत बसवलं होतं.

सगळ्यांचा डोळा ‘निकाली’ या रकान्यावर. बाहेरच्या माणसाला वाटतं, पुरावा झाला, उलटतपास झाला, युक्तिवाद झाला, साहेबांनी निकालपत्र लिहिलं, की प्रकरण निकाली. ही एक पद्धत झाली, आणि सगळ्यात वेळखाऊ. वादी तारखेला आलाच नाही, तर दावा गैरहजेरीत काढता येतो. वादी वारला आणि वारसांनी नव्वद दिवसांत नाव लावायचा अर्ज दिला नाही, तर दावाही त्याच्यामागे जातो. यमराज आमच्या आस्थापनेवर नसले तरी वर्षाला चार-दोन प्रकरणं काढून देतात. आणखी एक मार्ग म्हणजे ‘वर्ग’. मागे शेजारच्या तालुक्यात नवं न्यायालय झालं आणि तिकडच्या गावांच्या फाइली टेम्पो भरून गेल्या. त्या वर्षी आमची शिल्लक अशी घसरली की माझ्या वरिष्ठ मॅडमनी पेढे मागवायचेच बाकी ठेवले. शेजारच्यांच्या रकान्यात तेवढीच भर पडली. एकाही पक्षकाराचं प्रकरण एक इंचही पुढे सरकलं नव्हतं, फक्त एस.टी.चा फाटा बदलला.

दरखास्त हा प्रकार तर समजावून सांगितला तरी लोकांना खरा वाटत नाही. समजा, चौदा वर्षं लढून तुम्ही दावा जिंकलात. तो ‘दहा वर्षांवरील, निकाली’ या मानाच्या रकान्यात जातो. पण समोरचा ताबा काही सोडत नाही. मग तुम्ही हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करता. तिला नवा नंबर पडतो, आणि ती माझ्याकडे ‘एक वर्षाच्या आतील’ म्हणून येते, एकदम तान्ही. माणूस पंच्याहत्तरचा, दाव्याला चौदा वर्षं आणि प्रकरण तीन महिन्यांचं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या प्रलंबित दरखास्ती मोजायला लावल्या, तर त्या ८ लाख ८० हजारांच्या वर निघाल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा नंबर पहिला. आमच्याकडे त्याचा परिणाम म्हणजे विवरणपत्रांच्या जोडीला आणखी एक प्रपत्र आलं. दरखास्ती निघेनात हे कळल्यावर आधी त्या मोजायच्या, त्याला इलाज नाही.

पूर्वी हे सगळं रजिस्टरात होतं. आता संगणकात आहे आणि तिथून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर. खालच्या न्यायालयांतली साडेचार कोटींच्या वर प्रकरणं तिथे दिसतात, कुणालाही, घरबसल्या. याला उत्तरदायित्व म्हणतात आणि ते चांगलंच आहे. मी काही संगणकाच्या विरुद्ध नाही. पण या ग्रिडला नुसती संख्या पुरत नाही. प्रकरण का रखडलं, याचं कारणही लागतं आणि ते यादीतूनच निवडावं लागतं. वकील उपलब्ध नाहीत. साक्षीदार नाहीत. आरोपी फरार. वरिष्ठ न्यायालयाची स्थगिती. कागदपत्रांची प्रतीक्षा. वारस अभिलेखावर नाहीत. पक्षकारांना स्वारस्य नाही.

मी ही कारणं भरत असताना एक बाबा खिडकीशी उभे होते. बांधाचा दावा. दर तारखेला पहिल्या एस.टी.ने येतात, पिशवीत भाकरी, सातबाऱ्याचा उतारा आणि एक शिट्टी. शिट्टी कशाला, हे मी अजून विचारलेलं नाही.

“भाऊसाहेब, माझं काय लिवताय?”

“उशीर का झाला ते लिहितोय, बाबा.”

“मग लिवा की. ऊस.”

बाबांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. साहेबांनी मोजणीचा हुकूम केला, तेव्हा मोजणीदार आला; पण शेतात ऊस उभा, साखळी टाकायची कुठे? तो परत गेला. कारखान्याची टोळी येऊन ऊस तुटला, तोवर मोजणीदाराची बदली झाली. नवा हजर होईपर्यंत खोडवा छातीला लागला होता. कोर्ट कमिशनचा, म्हणजे या मोजणीचा, अहवाल येत नाही, म्हणून पुरावा सुरू होत नाही. मी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. ऊस नाही. बाजूच्या टेबलावरचा नवा मुलगा म्हणाला, “सर, ‘पक्षकारांना स्वारस्य नाही’ टाकून द्या, ते चटकन सेव्ह होतं.” बाबांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून मी घाईघाईने ‘कागदपत्रांची प्रतीक्षा’ वर बोट ठेवलं.

कायद्याच्या पुस्तकात असा गोंधळ नाही, तिथे सगळं आखीव आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून साफ लिहिलंय, की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये. पुढे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समजावलं, की अगदीच असाधारण अडचण असेल तर द्यायला हरकत नाही. आमच्या तालुक्याची ख्याती अशी, की इथे असाधारण अडचणीशिवाय कुणाला काही होतच नाही. वकीलसाहेबांची साधी मान आखडली तरी ती अशी, की बघणाऱ्याने हळहळावं. बरं, साहेबांनी तहकुबी नाकारून प्रत्येक प्रकरण ऐकायचं ठरवलं, तरी बोर्डावर ऐंशी नावं. पुकारा करता करताच मामांचा घसा बसतो. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ मध्ये लिहून ठेवलंय. आज एकवीस-बावीस आहेत. उरलेल्यांची वाट बघणं हे कुठल्या वयोगटाच्या रकान्यात धरायचं, याचं प्रपत्र अजून आलेलं नाही.

डिसेंबरातली राष्ट्रीय लोकअदालत हा आमचा मोठा आधार. मांडव, सतरंज्या, चहाची किटली आणि पॅनेलवर हसतमुख मंडळी. घरपट्टी, बँकेची थकबाकी, टेलिफोनची बिलं अशी न्यायालयात न आलेली प्रकरणंसुद्धा दाखलपूर्व म्हणून तिथे मिटतात. दुसऱ्या दिवशी पेपरात भलामोठा आकडा येतो आणि आमचे नातेवाईक फोन करून विचारतात, आता तुम्हाला काम उरलं का? पण गमतीचा भाग सोडा, तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, अपिलाची भानगड नाही, आणि भांडलेली माणसं एका सतरंजीवर बसून चहा पितात. असं दुसरीकडे कुठे होतं?

माझा ताळा अडला तो याच लोकअदालतीपायी.

सगळे रकाने भरून झाले आणि फरक आला एकचा. संगणकात शिल्लक दिवाणी दावे कपाटातल्या फाइलींपेक्षा एकाने जास्त. शंभराचा फरक असता तर मॅडमनी सरळ एक टिपणी लिहून पाठवली असती. एकाचा फरक मात्र सगळ्यांना लागतो. अपिलात जिल्ह्याला गेलेल्या फाइली तपासल्या. साहेबांच्या बंगल्यावर निकालपत्रासाठी गेलेल्या तपासल्या. मुद्देमाल सांभाळणाऱ्या नाझरसाहेबांच्या खोलीतही डोकावलो. ते मुद्देमालाच्या वार्षिक मोजणीत काठ्या मोजत बसले होते आणि त्यांचाही फरक एकच होता, फक्त त्यांच्याकडे एक काठी जास्त भरत होती. आम्ही एकमेकांकडे फार आपुलकीने बघितलं.

शेवटी प्रत्येक प्रकरणाला मिळणारे सोळा अक्षरी सी.एन.आर. क्रमांक एकेक करून जुळवत गेल्यावर फाइल सापडली, ती अभिलेख कक्षात, दुसऱ्या फाइलीच्या पोटात दाभणाने शिवलेली. दोन सख्खे भाऊ, एक विहीर. थोरल्याने धाकट्यावर दावा लावलेला, धाकट्याने थोरल्यावर. मागल्या एका लोकअदालतीत दोघांनी मोटर चालवायचे वार वाटून घेतले आणि तडजोडीची पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, दिली. पण पुरसिस एकच होती, ती लागली थोरल्याच्या फाइलीला, आणि निकाली झाली तेवढीच. सरकारदरबारी आजच्या तारखेला थोरल्याने धाकट्याशी समझोता केला होता आणि धाकटा थोरल्याविरुद्ध नेटाने लढत होता.

आता हे मी बटण दाबून मिटवू शकत नाही. हुकूम लागतो. फाइल बोर्डावर घ्यायला लागते, दोघांना नोटीस जायला लागते. बेलीफ नोटीस घेऊन गेला, तेव्हा दोघे त्याच विहिरीवर एकत्र पाइप जोडत होते. तारखेला एकाच मोटरसायकलवर बसून आले. धाकट्याच्या वकीलसाहेबांचं त्या दिवशी जिल्ह्याला काम निघालं. साहेबांनी पुढची तारीख दिली. मी संगणकात विलंबाचं कारण निवडलं, ‘वकील उपलब्ध नाहीत’.

धाकटा खिडकीशी आला. “भाऊसाहेब, आमचं मिटून दोन पिकं निघाली. इथं कोण मिटू देईना?”

थोरला मागून म्हणाला, “असू दे रे. जानेवारीत येऊ. तोवर आपलं भांडण सुरूच हाय म्हणायचं.”

ताळा जुळला. त्यांचा दावा मी ‘तीन ते पाच वर्षे’ या रकान्यात शिल्लक धरला आणि विवरणपत्र सहीला ठेवलं. मॅडमना म्हटलं, पुढच्या वर्षीची एक निकाली आत्ताच हाताशी आहे. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, “छान. मग पुढच्या वर्षीचं विवरणपत्रही तुम्हीच करा.”