सहा पिना फुकट

सीताबर्डीच्या त्या दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

काम साधं होतं. माझ्याकडे जुना हँडहेल्ड जीपीएस आहे, तो लॅपटॉपला जोडून नकाशावर आपली जागा बघायची. जीपीएसची वायर सिरीयल पोर्टची, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला असायच्या त्या नऊ पिनांच्या भोकाची, आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. म्हणून भर मे महिन्यात ती वायर यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर आणायला निघालो.

दुकानदाराने निळ्या टोकाची केबल हातात ठेवली.

"भाऊ, ही मॉनिटरची आहे. मला नऊ पिनांची पाहिजे."

"नऊच ना? हे पंधरा आहे. सहा फुकट समजा."

"अहो, असं नसतं."

"कसं नसतं? माप पाहा ना." त्याने माझ्या वायरचं टोक त्या टोकाशेजारी धरलं. दुर्दैवाने माप खरंच एक होतं. दोन्हींचं पत्र्याचं कवच सारखंच असतं, आत फक्त दोन रांगांऐवजी तीन. हे ज्याने ठरवलं त्याने बर्डीवर एकदा तरी खरेदी करायला हवी होती.

तेवढ्यात स्टुलावर चार्जरसाठी ताटकळलेले एक काकाजी सरसावले. "काय जोडून राहिले तुम्ही?"

"जीपीएस."

"मोबाइलात नाही का?"

"या उन्हात मोबाइल तापून बंद पडतो."

"अन् नागपुरात हरवता कसे तुम्ही? तो काय झिरो माइल! तिथून मोजत जा ना."

"काकाजी, मला शहराबाहेर जायचं असतं."

"मंग कायले जाता बाहेर? देशाचा मध्य सोडून?"

दुकानातला पोरगाही हसला. मला झिरो माइलचा खांबच आठवला. त्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट म्हणतात. म्हणजे जिथे फुटाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवला, तिथेच हाकेच्या अंतरावर नऊ आणि पंधरा सारखेच!

कन्व्हर्टर शेवटी दुसऱ्या दुकानात मिळाला, तोही लावेल त्या भावाने. घरी येऊन जोडला आणि पडद्यावरचा बाण पिसाळला. जीपीएस बिचारा ४८०० बॉडच्या वेगाने आपले अक्षांश-रेखांश सांगत होता. कॉम्प्युटरला वाटलं, कोणीतरी सिरीयल माउस जोडलाय. हा रोग जुना आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कोणी तो बरा करत नाही. बाण उड्या मारतोय, आपोआप क्लिक होतंय, एक फोल्डर दुसऱ्यात जाऊन बसलंय.

उपाय म्हणे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो नसलेला माउस बंद करा. पण तिथे जायला माउस लागतो, आणि माउस जीपीएस चालवतोय. वायर उपटली तर यादीतून तोच गायब, मग बंद काय करणार? कीबोर्डवर टॅब दाबत दाबत कसाबसा त्याला गाठला. एक नऊ पिनांचं भोक लॅपटॉपला ठेवलं असतं तर कोणाच्या बापाचं काय जात होतं?