साखळी तुटली म्हणे!

सकाळी डोळे नीट उघडायच्या आत फोनवर डायरीच्या ॲपचं नोटिफिकेशन. "अरेरे! तुमची साखळी तुटली." साखळी म्हणजे एकही दिवस न चुकता सलग किती दिवस लिहिलं त्याची मोजणी. शेजारी रडका चेहरा. आणि खाली, हे नीट वाचा, एक बटण. प्रीमियम घेतलंत तर तुटलेली साखळी परत जोडून मिळेल! म्हणजे काल मी जे लिहिलंच नाही ते लिहिलं असं धरायला हे तयार आहेत, फक्त पैसे टाका. स्वतःच्या डायरीत खोटी हजेरी, आणि तीही विकत. चहा व्हायच्या आधीच डोकं फिरलं, ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे सरका.

काल का नाही लिहिलं ते सांगते. मैत्रिणीचा फोन आला. आम्ही दोघी एकच मालिका बघतोय, तिची बघून झालीये, माझे भाग राहिलेत, आणि तिला शेवट सांगायचा नव्हता पण त्याच्याबद्दल बोलायचं मात्र होतं, त्यामुळे अर्धा तास ती नुसतीच "तू बघ गं, बघ तू" करत राहिली, मग विषय तिच्या ऑफिसवर गेला, मग तिच्या आईच्या गुडघ्यांवर, मग पुन्हा मालिकेतल्या त्या बाईच्या शालीवर, की ती विणलेली आहे की क्रोशाची, आणि शेवटी दोघींनी आपापल्या घरी तोच सीन पॉज करून झूम करून बघितला. विणलेली आहे. मी आधीच म्हटलं होतं. एवढ्यात बारा वाजून गेले आणि ॲपच्या हिशोबात माझा दिवस कोरा गेला.

कोरा! कित्येक महिन्यांत इतकी हसले नव्हते मी.

आता मावशीची गोष्ट सांगते, काहींनी ऐकली असेल, पुन्हा ऐका. माझी मावशी विणते. पण ती विणते म्हणजे काय करते, तर तिच्याकडे राखाडी लोकरीचा एक स्वेटर आहे, तो ती विणते, एक-दोन थंड्या घालते, मग उसवते आणि त्याच लोकरीचा दुसरा विणते. मग तोही उसवते. कधी गोल गळा, कधी समोरून बटणांचा, कधी पाठीवर वेण्या. आम्ही लहान होतो तेव्हा उसवायच्या दिवशी आमची चंगळ असायची. आधी शिवणी सोडवायच्या, मग जिथे टाके बंद केलेत तिथलं टोक शोधायचं, आणि एकदा ते मिळालं की ओढत सुटायचं, ओळी सुर्र सुर्र सुटत जातात, तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच माहितीये. सुटलेली लोकर कुरळी असते, तशीच विणली तर वीण वेडीवाकडी येते, म्हणून ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली थोडं वजन अडकवून वाळत टाकायची. सरळ होते. मग गुंडा. माझे दोन्ही हात पुढे, त्यावर लड, आणि मावशी गुंडाळतेय आणि बोलतेय, कशाबद्दलही. एका लग्नात कुणीतरी तिला विचारलं, "आतापर्यंत किती स्वेटर झाले हो तुमचे?" तर ती म्हणाली, "एकच." आणि जेवायला बसली.

तुम्हाला हे वेड वाटत असेल तर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये चुकून आलायत.

कारण माझं म्हणणं एवढंच आहे, आवडीच्या गोष्टींचा हा जो हजेरीपट चाललाय ना सगळीकडे, तो बंद करा. वाचलं किती, बघितलं किती, चाललो किती, सलग किती दिवस. वर्षाच्या सुरुवातीला लोक जाहीर करतात की यंदा अमुक इतकी पुस्तकं, आणि डिसेंबर आला की बारीकबारीक पुस्तकं शोधत फिरतात, आकडा भरायला. जाडजूड कादंबरी नको म्हणे, त्यात अडकायला होतं. अहो, अडकण्यासाठीच तर उघडतो ना आपण कादंबरी! आणि पुन्हा वाचलेलं पुस्तक धरायचं की नाही यावर चर्चा झडतात. मी एक खुनाची कादंबरी दर दोन-तीन वर्षांनी वाचते, खुनी कोण ते मला पहिल्या पानापासून माहितीये, तरी वाचते, त्यातल्या त्या म्हाताऱ्या मोलकरणीसाठी वाचते. ती कुठल्या खात्यात टाकू?

आणि माझा धाकटा भाऊ. तो सगळं दीडपट वेगाने बघतो. "ताई, वेळ वाचतो गं." वाचलेल्या वेळात काय करतो? अजून एक मालिका, दीडपट वेगाने. नेटफ्लिक्सने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हा वेग वाढवायचा प्रकार फोनवर करून बघितला तेव्हा जड अपाटो, ब्रॅड बर्ड असे दिग्दर्शक जाम भडकले होते, आणि तरी २०२० मध्ये ते अँड्रॉइडवर आलंच. मला त्या दिग्दर्शकांचा राग कळतो. माणसाने दोन वाक्यांच्या मधली शांतता मुद्दाम ठेवलेली असते, कुणीतरी एडिटिंगच्या टेबलावर बसून ती इतकीच हवी म्हणून भांडलेलं असतं, आणि हा पठ्ठ्या ती गिळून टाकतो.

बरं बरं, मान्य. अंध लोक वेगाने ऐकायला सरावलेले असतात, त्यांना हे सोयीचं पडतं. ज्यांना कमी ऐकू येतं आणि सबटायटल वाचावे लागतात त्यांना वेग कमी करता येतो, तेही उत्तमच. माझं भांडण त्यांच्याशी नाही, भावाशी आहे.

कारण याच भावाला मी 'द किलिंग' बघायला लावली होती, २००७ ची मूळ डॅनिश मालिका, रीमेक नव्हे. त्यात सारा लुंड नावाची डिटेक्टिव्ह आहे, ती फेरो बेटांवरचा नक्षीचा लोकरी स्वेटर घालते. पुढे ब्रिटनमध्ये ती मालिका लागली तेव्हा खुनाइतकीच चर्चा त्या स्वेटरची झाली, लोक तो विकत घ्यायला धावले, विणणारे नमुना शोधायला लागले. खून, राजकारण, पाऊस, अंधार, आणि मधोमध ती बाई तोच तो स्वेटर घालून उभी, कारण तिला कपड्यांचा विचार करायला वेळच नाहीये. स्वेटरवरून बाई कळते. भावाला विचारलं, स्वेटर कसा वाटला? म्हणाला, "कुठला स्वेटर?"

मी काही बोलले नाही. म्हणजे, बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही.

ही मोजायची खाज जुनीच आहे म्हणा. रोज दहा हजार पावलं चाला, हे आपण सगळे डॉक्टरचं वाक्य असल्यासारखं म्हणतो ना, ते आलंय जपानमधून, १९६५ साली तिथे पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. आकडा गोल, लक्षात राहायला सोपा, बसला डोक्यात. आणि ते कॅलेंडरवर रोज फुली मारा, साखळी तोडू नका, हे अमेरिकन विनोदवीर जेरी साइनफेल्डच्या नावावर जगभर फिरतं, तर त्या माणसाने २०१४ मध्ये स्वतःच सांगितलं की ही माझी कल्पनाच नाही. कुणाची का असेना. माझ्या फोनमध्ये रडका चेहरा घेऊन ती बसलीये हे खरं.

डायरीचंच बोलू. फ्रान्सचा सोळावा लुई रोज वही लिहायचा. १४ जुलै १७८९, पॅरिसमध्ये लोकांनी बास्तियचा तुरुंग फोडला, क्रांती पेटली, आणि राजाच्या वहीत त्या तारखेला काय आहे? "काही नाही." लोक यावरून त्याला वेड्यात काढतात, पण ती वही मुळात होती शिकारीच्या हिशोबाची. त्या दिवशी शिकार नाही, म्हणून काही नाही. झालं की नाही! मोजायची वही ठेवलीत की तुमच्या अख्ख्या देशाची उलथापालथ त्यात "काही नाही" म्हणून जाते. शाबास राजा, साखळी नाही तुटली तुझी.

हे माझ्या मनातून जातच नाही. कारण ॲपने काल माझ्यासाठी तेच लिहिलं ना.

आता थोडी शांत झालेय, उठून पाणी पिऊन आले.

माझ्या जुन्या वह्या काढल्या मगाशी. ॲपच्या आधीच्या, कागदाच्या. त्यात सलग असं काहीच नाही. कधी चार दिवस रोज दोन-दोन पानं, कधी दीड ओळ, "खांदा दुखतोय, बाही अर्धी झाली." कधी कुठल्या मालिकेवर पानभर चीडचीड, कोण कुणाला का सोडून गेलं, आणि मला आता त्या मालिकेचं नावही आठवत नाही पण राग वाचून मजा आली. एका पानावर नुसतं "शेजारच्यांचं मांजर आज आत येऊन बसलं" आणि त्याला दोनदा अधोरेखित केलंय, का कोण जाणे. आणि मग मधे एक लांब मोकळा पट्टा आहे, कित्येक आठवडे काही नाही. ते बाबांच्या हॉस्पिटलचे दिवस. त्या मोकळ्या पानांवर मी आत्ताही पटकन उलटून पुढे जाऊ शकत नाही. तिथे कुणी येऊन रडका चेहरा काढला असता तर मी वही नाही, तो माणूस फाडला असता.

तर ते असो.

एक मैत्रीण आहे, खूप वाईट काळातून गेली, ती म्हणते की रोज एक ओळ लिहायची आणि साखळी तुटू द्यायची नाही एवढ्या एकाच गोष्टीवर मी उभी राहिले. तिला काय म्हणणार मी? तिने खुशाल मोजावं. तिला शंभर गुन्हे माफ.

पण बाकीचे आपण? आपल्याला कशाची घाई आहे? ऑफिसात टार्गेट आहेच, मुलांच्या शाळेत टक्के आहेतच, बँकेत हप्ते आहेत. एक कोपरा असा होता जिथे कुणी विचारत नव्हतं की झालं का, किती झालं. तिथेही आपणच आपल्या हाताने मुकादम नेमला. वर त्याचे रंगीत कार्ड करून डिसेंबरात एकमेकांना दाखवतो, यंदा मी इतके तास गाणी ऐकली. अरे पण कुठलं गाणं ऐकताना रडलास ते सांग ना!

आणि कुणीतरी म्हणणारच की मावशी पण मोजतेच की, विणकामात सगळं मोजावंच लागतं. हो, लागतं. दोन सुलट दोन उलट, एक टाका चुकला की वरपर्यंत नक्षी सरकते, ती ओठ हलवत मोजत असते आणि त्या वेळी तिच्याशी बोललं की हाताने गप्प करते. पण ती टाके मोजते, स्वेटर मोजत नाही. यातला फरक ज्याला कळत नाही त्याला मी समजावून सांगणार नाही, माझी तेवढी ताकद नाहीये आज.

बरं, उसवणं सगळ्या लोकरीत जमत नाही हेही सांगते, म्हणजे उगाच कुणी ही पोस्ट वाचून आईचा चांगला स्वेटर ओढायला घेऊ नका. मोहेर वगैरे केसाळ लोकर असेल तर तिचे तंतू एकमेकांत गुंततात, ती उसवताना जीव जातो. मशीनमध्ये धुऊन आटलेला स्वेटर तर विसराच. आणि परत परत वापरून लोकर विरते, म्हणून मावशी आता त्या राखाडीबरोबर एक बारीक निळा धागा जोडून घेते. मागच्या भेटीत बघितलं, बाहीवर तो निळा मधूनच चमकतो, मुद्दाम केल्यासारखा. मी म्हटलं, "मावशी, आता हा तरी ठेव, उसवू नकोस, सुंदर झालाय." तर म्हणे, "ठेवून काय करू? हात काय करतील मग?"

तिला डायरीचं ॲप दाखवलं होतं मी एकदा. साखळी वगैरे समजावलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "यात मागचं वाचता येतं का?" येतं, म्हटलं. "मग तू मागचं वाचतेस का?" मी गप्प. कारण ते ॲप मला मागचं वाच असं कधी सांगतच नाही. आजचं भर, आजचं भर, एवढंच.

तर ॲप उडवलंय. आधी सगळं लिहिलेलं उतरवून घेतलं, मग उडवलं, ज्यांना करायचंय त्यांनी याच क्रमाने करा. उडवताना त्याने विचारलं, "खात्री आहे? तुमची सगळी प्रगती जाईल." प्रगती! मांजर आत येऊन बसलं ही माझी प्रगती.

कमेंटमध्ये कुणीही "अगं पण हे दुसरं ॲप बघ, यात साखळी बंद करता येते" असं लिहायचं नाही, लिहिलंत तर ब्लॉक. अर्धवट सोडलेली पुस्तकं, दुसऱ्यांदा बघितलेल्या मालिका, विणून उसवलेलं काही, असलं असेल तर सांगा. आणि शेवटचे दोन भाग राहिलेत माझे, आज रात्री बघणार, साध्या वेगाने, त्यामुळे त्या शालवाल्या बाईचं पुढे काय होतं ते माहिती असणाऱ्यांनी कृपा करून तोंड बंद ठेवा.